अठ्ठावन्न ते सत्तर : विमा हप्त्याची बारा वर्षे

मार्च महिना जवळ आला की शाळांच्या शिक्षक-खोल्यांत आणि कचेऱ्यांच्या लेखा शाखांत एक ठरावीक लगबग सुरू होत असे. आयुर्विम्याच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, मुलांच्या शुल्काच्या पावत्या आणि गेल्या काही वर्षांत आरोग्यविम्याच्या हप्त्याची पावती, अशी सारी चळत टाचणी लावून लेखापालाच्या मेजावर ठेवायची आणि करातून किती सुटका होते याचा अंदाज बांधायचा, हा मध्यमवर्गीय नोकरदाराचा वार्षिक विधीच होऊन बसला होता. ही लगबग आता ओसरत चालली आहे. ज्याने नवी करप्रणाली पत्करली त्याला पावत्या जोडण्याचे कारणच उरलेले नाही. २०२४ साली जुलैअखेर दाखल झालेल्या सुमारे ७ कोटी २८ लाख विवरणपत्रांपैकी ७२ टक्के विवरणपत्रे नव्या प्रणालीप्रमाणे भरलेली होती. करदात्याची कटकट वाचली, कर खात्याचे तपासणीचे काम हलके झाले, आणि या सुटसुटीतपणाचे स्वागतही झाले. ते योग्यच होते.

परंतु या चळतीतून जी एक पावती नाहीशी झाली, तिच्याकडे निवृत्त माणसाच्या दृष्टीने पाहिले तर चित्र बदलते. नोकरीतल्या माणसाला आयुर्विमा, घरकर्ज, निधी अशा अनेक वजावटी होत्या. निवृत्ताचे घरकर्ज फिटलेले असते, भविष्यनिर्वाह निधीचा पैसा हाती आलेला असतो, मुलांची शिक्षणे आटोपलेली असतात. वर्षानुवर्षे न चुकता भरावी लागणारी आणि वयाबरोबर फुगत जाणारी अशी एकच मोठी पावती त्याच्याजवळ उरते, ती आरोग्यविम्याच्या हप्त्याची. या हप्त्याचा काही भार शासनाने उचलावा की नाही, आणि उचलायचा तर तो प्राप्तिकराच्या वाटेने उचलावा काय, हा प्रश्न म्हणूनच निवृत्तांच्या बाबतीत सर्वांत निकडीचा आहे. दुर्दैवाने त्याची चर्चा झाली ती केवळ वजावटीच्या मर्यादेची. मर्यादा पंचवीस हजार असावी की पन्नास, की लाख, यावर दर अर्थसंकल्पापूर्वी निवेदने दिली गेली. वजावट मुळात कोणाच्या हाती पडते, हे फारसे कोणी विचारले नाही.

या तरतुदीचा जन्म १९८६ सालचा. सर्वसाधारण विम्याचा धंदा त्या वेळी संपूर्णपणे सरकारी होता. १९७३ साली राष्ट्रीयीकरण झाल्यावर जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या छत्राखाली चार कंपन्या काम करीत होत्या. या कंपन्यांनी १९८६ साली 'मेडिक्लेम' नावाची पॉलिसी बाजारात आणली, आणि त्याच वर्षीच्या वित्त विधेयकाने प्राप्तिकर कायद्यात ८० ड हे कलम घातले. अर्थमंत्री होते विश्वनाथ प्रताप सिंग. नव्या पॉलिसीला गिऱ्हाईक मिळावे म्हणून करसवलतीचे आमिष, असे या दोन गोष्टींचे नाते होते. त्यात गैर काहीच नव्हते. इस्पितळात पडण्यापूर्वीच इस्पितळाचा खर्च भरून ठेवावा, ही कल्पना भारतीय मध्यमवर्गाला नवी होती आणि तिची सवय लावण्यासाठी थोडे गूळखोबरे आवश्यक होते. पण हे आमिष कमावत्या माणसासाठी होते, हे विसरता येत नाही. सुरुवातीला वजावटीची मर्यादा काही हजारांपुरतीच होती, आणि निवृत्त हा वर्ग कायद्याच्या नजरेसमोर त्या वेळी फारसा नव्हताच.

पुढच्या तीस वर्षांत ती नजर हळूहळू ज्येष्ठांकडे वळत गेली. २००८ साली आईवडिलांच्या विम्यासाठी मुलांना स्वतंत्र वजावट मिळू लागली. २०१५ साली सर्वसाधारण मर्यादा १५ हजारांवरून २५ हजारांवर आणि ज्येष्ठांची २० हजारांवरून ३० हजारांवर गेली. २०१८ साली अरुण जेटली यांनी ज्येष्ठांची मर्यादा एकदम ५० हजार केली. त्याच अर्थसंकल्पात आणखी एक बदल झाला. ज्या ज्येष्ठ नागरिकाच्या नावे आरोग्यविमाच नाही, त्याला प्रत्यक्ष औषधोपचाराच्या खर्चाची वजावट त्याच ५० हजारांच्या मर्यादेत घेण्याची मुभा मिळाली. त्यापूर्वी ही मुभा केवळ ऐंशी वर्षे ओलांडलेल्यांना होती. या कलमाच्या साऱ्या इतिहासात सर्वांत शहाणी ओळ कोणती असेल तर ही. विमा कंपनी मधुमेह, रक्तदाब किंवा जुन्या शस्त्रक्रियेकडे बोट दाखवून ज्याला दारातूनच परत पाठवते, त्याच्याही घरी औषधांचे बिल येते, हे वास्तव कायद्याने प्रथमच मान्य केले. फक्त खर्च रोखीने केलेला नसावा एवढीच अट होती. अर्थात कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात रोकड मोजून गोळ्या आणणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला ही अट किती जाचक होती, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आता या वजावटीचे प्रत्यक्ष मोल काय होते ते पाहावे. उदाहरणादाखल सहासष्ट वर्षांचा निवृत्त माध्यमिक शिक्षक घ्यावा. त्याचे वार्षिक निवृत्तिवेतन ५ लाख २० हजार आणि बँकेतील ठेवींवरील व्याज १ लाख २० हजार, असे एकूण उत्पन्न ६ लाख ४० हजार धरू. जुन्या प्रणालीत यातून ५० हजारांची प्रमाणित वजावट आणि ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी ५० हजारांची वजावट गेल्यावर ५ लाख ४० हजार उरतात. त्यावर उपकरासह १८ हजार ७२० रुपये कर होतो. या शिक्षकाने स्वतःच्या व पत्नीच्या विम्यासाठी ४८ हजारांचा हप्ता भरला असेल, तर करपात्र उत्पन्न ४ लाख ९२ हजारांवर येते. पाच लाखांच्या आतील उत्पन्नाला पूर्ण करसूट असल्याने कर शून्य होतो. म्हणजे हप्त्याच्या जवळजवळ चाळीस टक्के रक्कम सरकारने सोसली. हा लाभ लहान नव्हे.

मात्र याच शिक्षकाच्या शेजारी राहणारा निवृत्त लिपिक घ्यावा. त्याचे उत्पन्न साडेचार लाख आहे. त्याला मुळातच कर नाही, म्हणून वजावट नाही. त्याच्या वरच्या मजल्यावरील निवृत्त अधिकारी तीस टक्क्यांच्या पायरीवर आहे. त्याने ५० हजारांचा हप्ता भरला तर त्याची उपकरासह १५ हजार ६०० रुपयांची बचत. तिघांच्याही विम्याचा हप्ता मात्र वयाप्रमाणे ठरतो. उत्पन्न पाहून विमा कंपनी कोणालाही दर लावीत नाही. साडेचार लाखांतून ४८ हजार देणाऱ्याला शासनाकडून काही नाही, आणि पंधरा लाखांतून ५० हजार देणाऱ्याला साडेपंधरा हजार, असा हा न्याय होता. करवजावटीच्या स्वरूपातील कोणतीही मदत अशीच उतरत्या बाजूने वर वाहते. जो कर भरतो त्यालाच ती मिळते, आणि जास्त दराने भरतो त्याला जास्त मिळते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखालील ज्या गिरणी वा कारखाना कामगाराला २०१४ पासून ठरलेले किमान १ हजार रुपये महिना मिळतात, त्याच्या दृष्टीने तर ८० ड हे कलम परग्रहावरचे आहे.

एवढ्यावरही भागले नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा आरोग्यविम्याच्या हप्त्यावर १८ टक्के कर लागला. हप्ता मूळ ४० हजारांचा असेल तर त्यावर ७ हजार २०० रुपये. वर सांगितलेल्या लिपिकाने ही रक्कम दरवर्षी भरली आणि परत काही मिळवले नाही. शिक्षकाने भरली, पण वजावटीत ती धरता आली म्हणून त्याला तिचा काही भाग परत लाभला. एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने थोडे परत करायचे, आणि तेही ज्याची ऐपत आहे त्यालाच, असा हा व्यवहार आठ वर्षे चालला. जुलै २०२४ मध्ये नितीन गडकरी यांनी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांना पत्र लिहून हा कर काढून टाकण्याची मागणी केली. नागपूरच्या आयुर्विमा कर्मचारी संघटनेचे निवेदन या पत्राच्या मुळाशी होते. एका मंत्र्याने दुसऱ्या मंत्र्याला लिहिलेले पत्र इतके गाजावे, यातच या कराविषयीच्या असंतोषाचे माप होते. अखेर ३ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेने वैयक्तिक आरोग्यविमा पॉलिसी करमुक्त केल्या आणि २२ सप्टेंबरपासून ते अमलात आले. गटविम्याला मात्र ही माफी लागू झाली नाही. निवृत्त माणसाच्या हप्त्यासंबंधी अलीकडच्या काळात झालेला सर्वांत समान न्यायाचा निर्णय हाच म्हणावा लागेल, कारण त्याचा लाभ मिळायला प्राप्तिकर भरणारा असण्याची अट नाही. ज्याला कर नव्हता त्या लिपिकालाही तो मिळाला. विमा कंपन्यांना आपल्या खर्चावरील कराची जी वळती मिळत असे ती मात्र बंद झाली. तो बोजा त्या मूळ हप्त्यात हळूच मिसळतात काय, हे पाहणे नियामकाचे काम आहे.

प्राप्तिकराच्या बाजूला दरम्यान निराळेच घडत होते. २०२० साली नवी करप्रणाली पर्याय म्हणून आली, २०२३ साली ती मूळ प्रणाली ठरली आणि जुनी प्रणाली 'मागून घेण्याची' वस्तू बनली. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, आणि ७५ हजारांची प्रमाणित वजावट निवृत्तिवेतनालाही मिळते. आपल्या शिक्षकाचे ६ लाख ४० हजारांचे उत्पन्न यात सहज बसते. त्याचा कर शून्य. हप्ता भरला तरी शून्य, न भरला तरी शून्य. पंधरा लाखांच्या अधिकाऱ्याने सर्व वजावटी काळजीपूर्वक घेतल्या तरी त्याला जुन्यापेक्षा नवी प्रणालीच स्वस्त पडते. म्हणजे निवृत्तांपैकी फार थोड्यांना ८० ड चा उपयोग उरला आहे. १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यात, ज्याची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासूनची आहे, ही वजावट नव्या क्रमांकाने उतरली आहे. पण ती उतरली आहे ती जुन्या प्रणालीचा हट्ट धरणाऱ्यांपुरतीच. कायद्याच्या पुस्तकात जागा आहे, व्यवहारात नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. शिक्षकाचा कर शून्य झाला असेल तर त्याने तक्रार कशाची करावी? त्याच्या खिशात आता १८ हजार ७२० रुपये बिनशर्त राहतात. ते त्याने हप्त्यात घालावे की तीर्थयात्रेत, हा त्याचा प्रश्न. हा युक्तिवाद शिक्षकापुरता बरोबर आहे. त्याचे नुकसान झालेले नाही. परंतु त्यातून दोन गोष्टी निसटतात. पहिली ही की लिपिक आणि गिरणी कामगार यांना पूर्वीही काही मिळत नव्हते आणि आताही मिळत नाही. वजावटीच्या जागी त्यांच्यासाठी दुसरे काही आलेले नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. निवृत्ताच्या औषधोपचाराच्या खर्चात आपला वाटा आहे, अशी जी एक कबुली शासनाने कायद्यात देऊन ठेवली होती, ती कोणतीही चर्चा न होता मागे पडली. सवलत काढून घेतली असे कोणी म्हणत नाही, कारण ती काढलेली नाही; तिच्याकडे जाणारा रस्ता तेवढा निर्जन झाला आहे.

हा रस्ता निर्जन होत असताना हप्त्याचे काय होत आहे? आरोग्यविम्याचा हप्ता वयाच्या टप्प्यांनी वाढतो. साठी, पासष्टी, सत्तरी ओलांडली की तो पायरी चढतो, आणि त्याशिवाय इस्पितळांच्या वाढत्या दरांनी सर्वच पायऱ्या वर सरकत असतात. निवृत्तिवेतनाला महागाईभत्त्याची जोड असली तरी महागाईभत्ता डाळीतांदळाच्या भावाने वाढतो, हप्ता इस्पितळाच्या खोलीच्या भाड्याने. विमा नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२४ पासून ज्येष्ठांना विमा नाकारण्याच्या वयाच्या अटी काढून टाकल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये असा आदेश काढला की ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करायची तर आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा. या आदेशाचे स्वागत झाले. पण दहा टक्क्यांचे चक्रवाढ गणित शाळेतील मुलालाही येते: दरवर्षी दहा टक्के वाढला तर हप्ता सात-आठ वर्षांत दुप्पट होतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी जो परवडतो तो सहासष्टाव्या वर्षी परवडेल याची शाश्वती नियामकाचा आदेशही देऊ शकत नाही.

आणि पॉलिसी एकदा सुटली की ती सहजी परत मिळत नाही. नवी पॉलिसी घेतली तर आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाल पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जातो. २०२४ साली तो कमाल चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणला गेला, हे खरे; पण सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या हृदयरोग्याला तीन वर्षे म्हणजे काय, हे त्याच्या घरच्यांना विचारावे. वीस वर्षे हप्ता भरून एकविसाव्या वर्षी, जेव्हा खरी गरज पडणार तेव्हाच, तो न परवडल्यामुळे पॉलिसी सोडून देणारी माणसे प्रत्येक गल्लीत भेटतात. विम्याच्या तत्त्वाचा हा पराभव आहे. तरुणपणी निरोगी असताना पैसे द्यायचे आणि म्हातारपणी आजारी असताना बाहेर पडायचे, यात लाभ झाला असेल तर तो फक्त विमा कंपनीला.

वजावट रद्द झाली म्हणून एखाद्या देशातील वृद्ध उघड्यावर पडतात असे नाही. त्यांच्यासाठी दुसरे काय उभे आहे यावर ते ठरते. ब्रिटनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९९० पासून साठ वर्षांवरील नागरिकांच्या खासगी आरोग्यविम्याच्या हप्त्यावर करसवलत दिली. खुद्द त्यांचे अर्थमंत्री नायजेल लॉसन या कल्पनेविरुद्ध होते. १९९७ च्या जुलैमध्ये मजूर पक्षाचे गॉर्डन ब्राउन यांनी आपल्या पहिल्याच अर्थसंकल्पात ती सवलत रद्द केली. त्यावर वादंग झाला, पण साठीतला एकही ब्रिटिश नागरिक औषधपाण्यावाचून राहिला नाही, कारण १९४८ पासून चालत आलेली राष्ट्रीय आरोग्य सेवा त्याच्या मागे होती. सवलत ही तेथे चैनीवरची सूट होती. भारतात तीच सवलत आधाराच्या जागी उभी होती, आणि म्हणून तिचे हरवणे निराळे आहे. अमेरिकेचे गणित आणखी वेगळे. तेथे औषधोपचाराचा आणि विम्याचा खर्च उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांपलीकडे गेला तर पलीकडचा भाग वजावटीस पात्र ठरतो. भारतीय कायद्याने वरची मर्यादा घातली, अमेरिकन कायद्याने खालची. कोणावर किती ओझे आहे हे अमेरिकन पद्धतीत निदान मोजले तरी जाते. मात्र तेथेही प्रमाणित वजावट इतकी मोठी झाली आहे की हा हिशेब मांडण्याच्या खटाटोपात बहुसंख्य करदाते पडत नाहीत. आणि पासष्टी पूर्ण झाली की मेडिकेअर ही सरकारी योजना अमेरिकन वृद्धाला आपल्या पंखाखाली घेतेच. १९६६ पासून घेते.

भारतात असे पंख नाहीतच असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्याला केंद्रीय आरोग्य योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर येथे तिचे दवाखाने आहेत, आणि तिची वर्गणीही ८० ड खाली वजावटीस पात्र ठरत आली आहे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वार्षिक ५ लाखांचे संरक्षण दिले. सुमारे साडेचार कोटी कुटुंबांतील सहा कोटी ज्येष्ठांना त्याचा लाभ मिळावा अशी अपेक्षा आहे. ज्याच्याजवळ खासगी विमा आहे त्यालाही ते मिळते. प्राप्तिकराची वाट न धरता वृद्धाला थेट संरक्षण देणारा हा पहिला देशव्यापी निर्णय होता, आणि त्याचे मोल कमी लेखू नये.

प्रश्न उरतो तो मधल्या वर्षांचा. महाराष्ट्रात राज्य शासनाचा लिपिक आणि अनुदानित शाळेचा शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. सेवेत असताना त्याला वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मागता येते. निवृत्तीबरोबर बहुतेकांचा तो आधार सुटतो. नागपुरात एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन निवृत्त लिपिकांपैकी टपाल खात्यातला केंद्राच्या दवाखान्यात जातो आणि तहसील कचेरीतला खासगी इस्पितळाच्या दारात उभा राहतो, असे हे दृश्य आहे. प्राप्तिकराच्या दृष्टीने तर हा राज्य कर्मचारी पहिली दोन वर्षे 'ज्येष्ठ' सुद्धा नसतो. साठीपर्यंत त्याची मर्यादा पन्नास हजारांची नसून पंचवीसचीच, आणि विमा नसल्यास औषधांच्या खर्चाची मुभाही नाही. तेथून सत्तरीचे कार्ड दहा-बारा वर्षे दूर. याच वर्षांत पहिला हृदयविकाराचा झटका येतो, गुडघे बदलावे लागतात, मोतीबिंदू पिकतो.

राज्याने यातील काही भाग भरून काढला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांपुरती होती. २०२३ साली ती सर्वच शिधापत्रिकाधारकांना खुली करण्याचा आणि संरक्षण ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. शस्त्रक्रिया मोठी असेल, ती यादीत असेल आणि इस्पितळ योजनेत सामील असेल तर निवृत्त शिक्षकाला आज या योजनेचा खरोखर उपयोग होतो. पण तीनही 'असेल' एकाच वेळी जुळावे लागतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूरच्या तालुक्यात ते नेहमी जुळतातच असे नाही. शिवाय रोजच्या गोळ्या, महिन्याची तपासणी, दवाखान्याच्या फेऱ्या यांचा खर्च कोणत्याच योजनेत बसत नाही. तो बसत होता फक्त २०१८ च्या त्या एका ओळीत.

तेव्हा मागणी कशाची करावी? नव्या प्रणालीतही ८० ड पुन्हा आणावे, ही निवृत्तांच्या संघटनांकडून नेहमी येणारी मागणी वरवर रास्त वाटते. पण बारा लाखांपर्यंत करच नसताना अशी वजावट फक्त त्याहून अधिक उत्पन्नाच्या निवृत्तांना मिळेल. त्यातही गरजू आहेत, हे नाकारायचे कारण नाही. कर्करोगाचा उपचार पंधरा लाखांच्या उत्पन्नालाही वाकवतो. मात्र सरकारी तिजोरीतून आरोग्यासाठी जाणाऱ्या पैशाची पहिली वाट ही असू नये. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०२५ साली सत्तरीची अट साठीवर आणण्याची शिफारस केली आहे, आणि ती अधिक सरळ वाट आहे. तिला खर्च लागेल. नव्या प्रणालीत जसजसे करदाते सरकतात तसतशी ८० ड वर सुटणाऱ्या महसुलाची बचत होते; ती बचत या कामाला लावावी, असे म्हणणे अवाजवी नाही.

दुसरी गोष्ट राज्य शासनाच्या हातची आहे. निवृत्तांचा मोठा गट करून त्यांचा विमा एकत्र उतरवला तर हप्ता वयाच्या पायऱ्यांनी न चढता सर्वांत वाटला जातो. त्यात चाळिशीतले सेवेतील कर्मचारीही सामील केले तर तो आणखी खाली येतो, आणि तरुणपणी देऊन म्हातारपणी घेण्याचे विम्याचे मूळ तत्त्व पुन्हा जागेवर येते. पण अशा गटविम्यालाच वस्तू व सेवा कराची माफी नाही, हा विरोधाभास आधी दूर व्हायला हवा. वैयक्तिक पॉलिसी घेणाऱ्याला माफी आणि एकत्र येऊन स्वस्तात विमा उतरवू पाहणाऱ्यांना अठरा टक्के, ही व्यवस्था कोणत्या तर्काने केली गेली हे समजणे कठीण आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर सेवेत आलेले, ज्यांचे निवृत्तिवेतन जुन्या पद्धतीने ठरत नाही, ते हळूहळू निवृत्तीला येऊ लागले आहेत. त्यांच्यातील अनेकांचे मासिक उत्पन्न आपल्या उदाहरणातील लिपिकापेक्षाही कमी राहील. त्यांना वजावटीचा उपयोग शून्य आणि हप्त्याचा बोजा पूर्ण, अशी स्थिती येणार हे आजच दिसते आहे.

२०२६ साली अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या राज्य कर्मचाऱ्याला, नियम आहेत तसेच राहिले तर, केंद्राचे सत्तरीचे कार्ड २०३८ साली मिळेल. त्याच्या पहिल्या हप्त्याची नोटीस मात्र निवृत्तीच्या पहिल्या वर्षातच येईल, आणि मुदत टळल्यावर ती भरायला त्याला तीस दिवस असतील.